कमी प्रतिकारशक्ती आणि डोळ्यांतील मायक्रोस्पोरिडिया : न मागितल्यामुळे राहून जाणारी तपासणी

काचपट्टी (धागाकर्ती)

नेत्रविभागाच्या सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेत मी अनेक वर्षे काम करत आहे. डोळ्यातून खरवडून आणलेला नमुना काचपट्टीवर पसरणे, तो रंगवणे आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे यातच माझा बहुतेक दिवस जातो. काही दिवसांपूर्वी असाच एक नमुना आला. मागणीपत्रावर विषाणूजन्य संसर्गाची शंका, दोन्ही डोळे, सहा आठवड्यांपासूनचा त्रास, एवढे लिहिलेले होते आणि खाली बारीक अक्षरांत रुग्ण एचआयव्हीबाधित असल्याची नोंद होती. जिवाणू ओळखण्यासाठी नेहमी केल्या जाणाऱ्या ग्रॅम रंजनात पृष्ठपेशींच्या आत जांभळट, अंडाकृती कणांचे पुंजके दिसले. ते रंगाचे साचलेले कण समजून काचपट्टी बाजूला ठेवणे सहज शक्य होते. सुधारित ट्रायक्रोम रंजन केल्यावर मात्र हिरव्या पार्श्वभूमीवर तेच कण गुलाबी-लाल झाले आणि त्यांतील काहींच्या मधोमध एक आडवा पट्टा स्पष्ट उमटला. ते मायक्रोस्पोरिडियाचे बीजाणू होते. हे रंजन करावे असे मागणीपत्रात कुणीही लिहिलेले नव्हते, आणि या धाग्याचे निमित्त तेच आहे.

मायक्रोस्पोरिडिया हे दुसऱ्या सजीवाच्या पेशीत शिरल्याशिवाय वाढू न शकणारे अतिसूक्ष्म परजीवी आहेत. त्यांची पहिली जात १८५७ मध्ये नेगेली यांनी वर्णन केली, ती रेशमाच्या किड्यांना होणाऱ्या पेब्रीन या रोगाच्या संदर्भात. पुढे लुई पाश्चर यांनी याच रोगावर काम करून निरोगी अंडी निवडण्याची पद्धत घालून दिली. या जीवांना बराच काळ आदिजीव मानले जात असे. जनुकीय अभ्यासानंतर त्यांचे नाते बुरशीशी असल्याचे मान्य झाले. एक हजाराहून अधिक जाती ज्ञात असल्या तरी माणसाला बाधा करणाऱ्या जाती पंधराच्या आसपासच आहेत.

पेशीत शिरण्याची यांची रीत विलक्षण आहे. बीजाणूच्या आत एक नलिका घड्याळाच्या स्प्रिंगप्रमाणे वेटोळी करून बसलेली असते. योग्य परिस्थिती मिळताच ही ध्रुवीय नलिका दोन सेकंदांच्याही आत उलटी होऊन बाहेर फेकली जाते, शेजारच्या पेशीचे आवरण भेदते आणि बीजाणूतील जीवद्रव्य त्या नलिकेतून थेट पेशीच्या आत सोडले जाते. एक ते चार मायक्रॉन लांबीच्या बीजाणूत त्याच्या लांबीच्या कितीतरी पट मोठी नलिका मावलेली असते. बीजाणूच्या भिंतीत कायटिन असल्यामुळे तो बाहेरच्या वातावरणात, विशेषतः पाण्यात आणि मातीत, दीर्घकाळ टिकतो. याच कायटिनमुळे तो आम्हाला रंगवून पाहताही येतो.

डोळ्यात हा संसर्ग साधारणपणे दोन रूपांत दिसतो. एका रूपात पारपटलाचा, म्हणजे कॉर्नियाचा, फक्त वरचा थर आणि डोळ्याचे श्लेष्मल आवरण बाधित होते. प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांत आढळणारा प्रकार बहुतेक वेळा हाच असतो आणि त्यामागे प्रामुख्याने एन्सेफॅलिटोझून या गटातील जाती असतात. त्यांपैकी एन्सेफॅलिटोझून हेलेम ही जात १९९१ मध्ये एड्सच्या तीन रुग्णांच्या डोळ्यांतील नमुन्यांवरूनच स्वतंत्र म्हणून ओळखली गेली. दुसऱ्या रूपात परजीवी पारपटलाच्या खोल थरात जातो, आणि हा प्रकार बहुधा धडधाकट प्रतिकारशक्तीच्या माणसांत आढळतो. १९७३ मध्ये अ‍ॅश्टन आणि विरसिंघा यांनी वर्णन केलेला श्रीलंकेतील मुलगा याच प्रकारचा रुग्ण होता. त्याच्या डोळ्याला काही वर्षांपूर्वी बकरीचे शिंग लागले होते.

या विषयाशी ज्यांचा संबंध आलेला आहे, मग ते डॉक्टर असोत, रुग्ण असोत वा रुग्णाचे नातेवाईक, त्यांनी कृपया आपला अनुभव लिहावा.

रातवा

काचपट्टी ताई, हा धागा वाचताना माझे हात थांबले, कारण तुम्ही लिहिलेले जवळजवळ जसेच्या तसे आमच्या घरात घडले आहे. माझ्या मोठ्या भावाचे मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेले असून शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये म्हणून त्याला प्रतिकारशक्ती दाबणारी तीन औषधे रोज घ्यावी लागतात. गेल्या वर्षी त्याच्या डोळ्यांत खुपायला लागले. वाळूचा कण गेल्यासारखे वाटते, असे तो वारंवार म्हणे. उजेड सहन होत नसे आणि पाणी येई, पण चिपडे येत नव्हती आणि डोळा फारसा लालही नव्हता. त्यामुळे आम्हालाही ते गंभीर वाटले नाही.

एका दवाखान्यात विषाणूमुळे डोळे आले आहेत असे सांगून स्टिरॉइडचे थेंब दिले गेले. दोन दिवस बरे वाटले, मग त्रास परतला, म्हणून थेंब वाढवले गेले. असे तीन वेळा झाले. या सगळ्यात अडीच महिने गेले आणि तोपर्यंत दुसऱ्याही डोळ्यात तोच त्रास सुरू झाला होता. प्रत्यारोपणाची माहिती आम्ही पहिल्याच दिवशी दिली होती. ती कागदावर लिहिलीही गेली होती. तिचा डोळ्याशी काही संबंध असू शकतो, असे मात्र कुणाच्या बोलण्यात आले नाही. शेवटी दुसऱ्या ठिकाणी खरवडून तपासणी झाली आणि हे नाव आम्ही प्रथमच ऐकले. माझा प्रश्न असा आहे, की स्टिरॉइडमुळे नुकसान झाले असेल का, आणि डोळा फारसा लाल नसताना संसर्ग इतका पसरलेला कसा असू शकतो?

नेत्रपल्लवी

रातवा, मी पारपटलाच्या विकारांवर उपचार करणारी डॉक्टर आहे. आपल्या भावाला तपासल्याशिवाय त्यांच्याविषयी ठाम काही म्हणणे योग्य होणार नाही, पण आपल्या दोन्ही प्रश्नांची सर्वसाधारण उत्तरे देता येतील.

डोळ्याची लाली ही बव्हंशी शरीराने दिलेल्या प्रतिसादाची खूण असते. ज्याची प्रतिकारशक्तीच दबलेली आहे त्याचा डोळा संसर्गाशी हवा तसा झगडतच नाही, म्हणून लाली आणि सूज कमी दिसते आणि परजीवी मात्र पृष्ठपेशींमध्ये निर्वेध वाढत राहतो. मी असे रुग्ण पाहिले आहेत, की ज्यांचा डोळा दुरून जवळजवळ स्वच्छ वाटतो, परंतु स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळे तपासण्याच्या सूक्ष्मदर्शकाखाली, पारपटलाच्या पृष्ठभागावर जाडसर, किंचित उंचावलेले, विखुरलेले पांढुरके ठिपके भरलेले असतात. पिठाचे कण ओल्या काचेवर चिकटून बसावेत तसे ते दिसतात. फ्लुरेसिन या रंगद्रव्याचा थेंब टाकल्यावर त्यांतील काही रंग घेतात आणि काही घेत नाहीत. दृष्टी बहुधा थोडीशीच मंदावते, यामुळेही रुग्ण उशिरा येतो.

प्रतिकारशक्ती चांगली असलेल्या माणसाला हा संसर्ग झाला तर तो बहुतेक वेळा एका डोळ्यात होतो आणि काही आठवड्यांत आपोआप ओसरतो. पावसाळी दिवस, गढूळ पाणी आणि डोळ्यात गेलेली माती यांच्याशी त्याचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. २०१२ मध्ये सिंगापूरला चिखलात झालेल्या रग्बी सामन्यांनंतर खेळाडूंमध्ये त्याची साथ आढळली होती. अशा रुग्णांत औषधी थेंबांची तुलना औषधविरहित थेंबांशी केली असता फारसा फरक दिसला नाही, हेही नोंदले गेले आहे. आमच्यातील पुष्कळ डॉक्टरांच्या मनात या आजाराचे हेच सौम्य चित्र असते. तेच चित्र प्रत्यारोपण झालेल्या किंवा एचआयव्हीबाधित रुग्णाला लावले, की चूक होते. त्याच्यात संसर्ग बहुधा दोन्ही डोळ्यांत असतो, आपोआप जात नाही आणि महिनोन्‌महिने चालतो.

स्टिरॉइडविषयी बोलायचे, तर त्या थेंबांनी दाह दबतो आणि रुग्णाला बरे वाटते, पण डोळ्यात उरलेला स्थानिक प्रतिकारही त्याबरोबर क्षीण होतो. आपल्या भावाला दोन दिवस बरे वाटून त्रास परतणे, हे याच क्रमाचे उदाहरण वाटते. डोळे येण्यास कारण ठरणाऱ्या एडिनोव्हायरस या विषाणूच्या संसर्गातही पारपटलावर ठिपके येतात आणि तेथे काही प्रसंगी सौम्य स्टिरॉइड दिले जाते, म्हणून ही गफलत वारंवार होते. माझे स्पष्ट मत आहे, की प्रतिकारशक्ती दाबलेल्या रुग्णाच्या पारपटलावर कारण न कळलेले ठिपके असतील, तर खरवडून नमुना घेतल्याशिवाय स्टिरॉइडची बाटली लिहू नये. सुन्न करणारा थेंब टाकून नमुना घेण्यास काही मिनिटे पुरतात आणि रुग्णाला वेदना जवळजवळ होत नाहीत.

मधुकोश

मी पशुवैद्यक असून मधमाशांच्या रोगांवरही काम करतो, म्हणून थोडे वेगळ्या बाजूने लिहितो. नोसेमा हा मायक्रोस्पोरिडियाचाच गट मधमाशांच्या आतड्यात संसर्ग करतो आणि त्यावर फ्यूमाजिलिन हे औषध साखरेच्या पाकातून देण्याची पद्धत जुनी आहे. अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस या बुरशीपासून मिळणारे हे औषध परजीवीच्या एका आवश्यक विकराला (एन्झाइमला) अडवते. माणसाच्या डोळ्यातील संसर्गासाठी जे फ्यूमाजिलिनचे थेंब वापरले गेले, तेही सुरुवातीला मधमाशांसाठीच्या याच भुकटीपासून तयार केलेले होते, हे अनेकांना ठाऊक नसेल.

प्राण्यांविषयीही सांगणे आवश्यक वाटते. एन्सेफॅलिटोझून हेलेम पोपटवर्गीय पक्ष्यांमध्ये आढळतो, तर एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युलाय सशांमध्ये फार पूर्वीपासून ज्ञात आहे. ससा वरून निरोगी दिसत असला तरी त्याच्या लघवीतून बीजाणू बाहेर पडू शकतात. ज्या घरात प्रतिकारशक्ती कमी असलेली व्यक्ती आहे, तेथे पाळीव प्राणी नकोतच असे मी म्हणणार नाही, कारण त्यांच्या सोबतीचे मोल मला माहीत आहे. पण पिंजरा साफ करण्याचे काम दुसऱ्याने करावे, वाळलेली विष्ठा झाडून धूळ उडवू नये तर ओली करून पुसावी, आणि प्राण्याला हाताळल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय डोळ्याला लावू नयेत.

उंबरठा

एचआयव्हीबाधितांसाठी समुपदेशन करत असल्याने मला एक गोष्ट समजून घ्यायची आहे. ज्यांना एआरटी, म्हणजे एचआयव्हीविरोधी औषधोपचार, सुरू आहे त्यांनाही ही भीती तितकीच असते का? आणि डोळ्याला थेंब घातले, की उपचार पूर्ण झाला असे समजायचे का? माझ्याकडे येणारे लोक डोळ्याच्या तक्रारी फारशा सांगत नाहीत. त्यांना त्या क्षुल्लक वाटतात.

नेत्रपल्लवी

उंबरठा, आपला दुसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून आधी त्याचेच उत्तर देते. थेंबांनी डोळ्याचा पृष्ठभाग स्वच्छ होतो, पण प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णात हा संसर्ग फक्त डोळ्यापुरता आहे असे गृहीत धरता येत नाही. एन्सेफॅलिटोझून गटातील जाती नाकालगतच्या पोकळ्या, श्वसनमार्ग आणि मूत्रपिंड यांतही वस्ती करू शकतात. डोळ्याच्या नमुन्यात बीजाणू सापडले तर लघवीची तपासणी करणे आणि सायनस, खोकला यांविषयी विचारणे हे त्याच दिवशी व्हायला हवे. कित्येकदा डोळा हे फक्त शरीरातील संसर्ग उघडपणे दिसण्याचे पहिले ठिकाण असते.

उपचारात फ्यूमाजिलिनचे थेंब डोळ्यासाठी आणि अल्बेंडाझोलच्या गोळ्या शरीरातील संसर्गासाठी अशी जोडी सर्वसाधारणपणे वापरली जाते; प्रौढांत अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोन वेळा देतात. तेच फ्यूमाजिलिन पोटातून दिल्यास रक्तातील बिंबिका (प्लेटलेट) घटू शकतात, त्यामुळे गोळ्यांच्या रूपात ते फार जपून वापरावे लागते. थेंबांची अडचण अशी, की ते सर्वत्र मिळत नाहीत आणि बंद केल्यावर संसर्ग परतल्याची उदाहरणे आहेत. म्हणून खरा उपचार प्रतिकारशक्ती सावरणे हाच आहे. एचआयव्हीबाधितांच्या बाबतीत हा संसर्ग मुख्यतः सीडी-४ या प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या रक्तपेशींची संख्या १०० च्या खाली गेलेल्यांमध्ये आढळतो, आणि एआरटी परिणामकारकपणे सुरू झाल्यावर त्याचे प्रमाण मोठ्या प्रमाणात घटले आहे. त्यामुळे नियमित एआरटी घेणाऱ्या व सीडी-४ समाधानकारक असलेल्या व्यक्तीला घाबरण्याचे कारण नाही. ज्यांनी औषधे मध्येच सोडली आहेत किंवा ज्यांचे निदानच उशिरा झाले आहे, त्यांच्याविषयी मला चिंता वाटते. डोळ्याची तक्रार मिटल्यावरही उपचार लगेच थांबवले जात नाहीत. सीडी-४ संख्या २०० च्या वर जाऊन सहा महिन्यांहून अधिक काळ तेथे टिकेपर्यंत ते चालू ठेवण्याची शिफारस आहे.

आपल्याकडे येणाऱ्यांना एवढेच विचारावे, की डोळ्यात काही खुपल्यासारखे वाटते का आणि उजेड सहन होतो का. लोक आपणहून सांगत नाहीत, पण विचारले की सांगतात.

रातवा

आभारी आहे. आणखी एक शंका आहे. पहिल्या दवाखान्यातही एकदा नमुना घेतला होता आणि अहवालात काही आढळले नाही असे लिहिले होते. मग दुसऱ्या ठिकाणी तेच कसे सापडले?

काचपट्टी

रातवा, या प्रश्नाचे उत्तर देणे माझे कर्तव्यच आहे. मायक्रोस्पोरिडिया जिवाणूंच्या वा बुरशीच्या नेहमीच्या माध्यमांवर वाढतच नाहीत, कारण त्यांना जिवंत पेशी लागते. त्यामुळे केवळ कल्चर पाठवले असेल, तर दोन दिवसांनी वाढ नाही असाच अहवाल मिळणार. तो अहवाल खोटा नसतो, पण विचारलेला प्रश्नच वेगळा असतो.

थेट काचपट्टी पाहिली गेली तरी बीजाणू निसटू शकतात. ग्रॅम रंजनात ते रंग असमान घेतात. कॅल्कोफ्लोर व्हाइट टाकून प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर कायटिनमुळे ते निळसर-पांढरे चमकतात आणि शोध खूप सोपा होतो, परंतु यीस्टही तसाच चमकतो. त्या वेळी मी दोन गोष्टी पाहते. यीस्टच्या पेशी आकाराने मोठ्या असतात व त्यांना अंकुर फुटलेले दिसतात, मायक्रोस्पोरिडियाच्या बीजाणूंना अंकुर कधीच नसतो. एक टक्का गंधकाम्ल वापरून केलेल्या सुधारित झील-नील्सन रंजनातही ते लाल उठून दिसतात. मी सुरुवातीला उल्लेख केलेल्या ट्रायक्रोमला मूळ पद्धतीत दीड तास रंगात ठेवावे लागते, म्हणून मागणी नसेल तर गर्दीच्या प्रयोगशाळेत ते केले जात नाही. नेमकी जात ठरवायची असेल तर पीसीआर ही जनुकीय तपासणी किंवा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. पहिल्या दिवशी उपचाराची दिशा ठरवण्यासाठी मात्र साधी रंजने पुरतात.

म्हणून या धाग्यावरील डॉक्टरांना माझी कळकळीची विनंती आहे, की मागणीपत्रावर मायक्रोस्पोरिडिया हा शब्द लिहावा आणि रुग्णाचे प्रत्यारोपण, केमोथेरपी, एचआयव्ही किंवा दीर्घकाळचे स्टिरॉइड यांपैकी जे असेल ते ठळक लिहावे. ती एक ओळ वाचली, की काचपट्टी पाहणारा माणूस त्या पुंजक्यांपाशी थांबतो.

मधुकोश

पाण्याविषयी राहून गेले होते. उकळलेल्या पाण्यात हे बीजाणू काही मिनिटांत मरतात, परंतु नेहमीच्या क्लोरिनवर पूर्णपणे विसंबू नये. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी साचलेल्या वा गढूळ पाण्यात डोळे उघडून पोहणे आणि कॉन्टॅक्ट लेन्स नळाच्या पाण्याने धुणे टाळावे.

रातवा

सर्वांना कळवण्यासाठी लिहीत आहे. डोळ्याचे डॉक्टर आणि मूत्रपिंडाचे डॉक्टर प्रथमच एकमेकांशी फोनवर बोलले, आणि आमच्या दृष्टीने गाडी तेथूनच रुळावर आली. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांपैकी एकाची मात्रा देखरेखीखाली कमी करण्यात आली, स्टिरॉइडचे थेंब हळूहळू बंद झाले आणि अल्बेंडाझोल सुरू झाले. नेत्रपल्लवी यांच्या सूचनेवरून आम्ही लघवीच्या तपासणीविषयी विचारले असता ती अद्याप झालेलीच नसल्याचे समजले. ती आता झाली असून नमुन्यात बीजाणू आढळले आहेत, त्यामुळे गोळ्यांचा कालावधी वाढवण्यात आला आहे. डोळ्यांतील ठिपके उजव्या बाजूला पूर्ण गेले आहेत, डावीकडे थोडे शिल्लक आहेत. काल संध्याकाळी भावाने खिडकीचा पडदा स्वतः बाजूला केला. पुढील लघवी तपासणी चार आठवड्यांनी आहे. अहवाल आला की येथेच लिहीन.